हेमूला पोचवायला

"'गाडी आली' म्हणजे काय, ते आधी लिही," आई म्हणाली. "बाकीचं मागून."

मी नवी कोरी वही मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसले होते. आईच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी पुण्याहून भुसावळला आले होते. फोनवर तिने कारण तेवढंच सांगितलं होतं. न्हाणीत पाय घसरला, हात मोडला, हेमूचे कागद एका जागी लावायचे आहेत, आठवडाभराची रजा काढून ये.

"हेमू 'गाडी आली' म्हणाला, की त्याला फीट येणार. लिहिलंस? लहानपणी पहिली फीट आली तेव्हा आपण लाइनीच्या कडेच्या क्वार्टरमध्ये होतो. मेल धडधडत गेली आणि हा खाली पडला. तेव्हापासून डोक्यात तसं काही व्हायला लागलं, की त्याला वाटतं गाडीच आली. तो म्हणाला की त्याला लगेच खाली बसवायचं. मग धरून ठेवायचं नाही. तोंडात चमचा घालायचा नाही. कांदा हुंगवायचा नाही. डाव्या कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, आणि थांबायचं."

"नुसतं थांबायचं?"

"नुसतं थांबायचं. तेच जमत नाही लोकांना."

हेमू समोर फरशीवर बसून शेंगा फोडत होता. दाणे एका ताटलीत, टरफलं दुसऱ्या. माझा हा धाकटा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. चाळिशीला आलेला, कानाजवळचे केस पांढरे झालेले, आणि समज सहासात वर्षांच्या मुलाची. आपल्याविषयी बोलणं चाललंय हे त्याला कळत होतं. मान वर करून तो म्हणाला, "गाडी नाही आली."

"नाही आली रे," आई म्हणाली. "तू शेंगा फोड."

दादा, म्हणजे आमचे वडील यशवंतराव, रेल्वेत गार्ड होते. ते गेल्यापासून घरात आई आणि हेमू दोघंच. हेमूचे कागद घरभर पसरलेले होते. दवाखान्याच्या चिठ्ठ्या गोदरेजच्या कपाटात, अपंगत्वाचा दाखला देवाच्या फोटोमागे, पेन्शनीचे कागद दादांच्या जुन्या ट्रंकेत, आणि मेंदूचे फोटो गादीखाली सपाट राहावेत म्हणून ठेवलेले. आम्ही सगळं बाहेर काढलं. मी एकेका कागदावर तारीख बघायची, आई सांगायची ठेव किंवा फाड. कोणत्या डॉक्टरने कोणती गोळी सुरू केली आणि कोणत्या गोळीने अंगावर पुरळ आलं, हे तिला कागद न बघता सांगता येत होतं.

पण कागदांपेक्षा वहीच जास्त भरत चालली. शर्ट घालताना आधी डावा हात. कुकरच्या शिट्टीला घाबरतो, आधी सांगून ठेवलं तर घाबरत नाही. दुखतंय असं कधीच म्हणत नाही, 'थकलो' म्हणतो. मग कुठे थकलास ते विचारायचं, तो जागा दाखवतो. अनोळखी माणसाने खांद्यावर हात ठेवलेला चालत नाही. डोक्यावर ठेवलेला चालतो.

"आणि झोपताना तुझी जुनी साडी लागते," मी स्वतःच बोलत लिहिलं. ते मला माहीत होतं. लहानपणापासून तो आईच्या जुन्या साडीची घडी गालाखाली घेऊन झोपायचा.

"ते खोड."

"का?"

"ते आता लागत नाही. महिना झाला. खोड म्हणते ना."

मी खोडलं. तेव्हा मला वाटलं, हात दुखत असेल म्हणून चिडचिड करते आहे.

पण दोनतीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की घरात बरंच काही बदललं आहे. पूर्वी ती हेमूला वरणबट्टी कुस्करून भरवायची. आता ताट त्याच्यापुढे ठेवून ती आतल्या खोलीत निघून जायची. तो निम्मं सांडायचा. मी भरवायला गेले तर आतून आवाज यायचा, "उजू, हात लावू नकोस." दुपारी शेजारच्या इंगळेकाकू येऊन त्याला आंघोळ घालायच्या, आणि तो "आई, आई" करत राहिला तरी आई बाहेर यायची नाही. पूर्वी तो तिच्याच खोलीत झोपायचा, आता त्याचा पलंग पुढच्या खोलीत होता.

"काकू, हे काय चाललंय?" मी इंगळेकाकूंना अंगणात गाठून विचारलं.

"मला काय विचारतेस बाई," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं तसं मी करते. मी त्याला आंघोळ घालत असते ना, तेव्हा ती आत देवापाशी बसलेली असते कानात बोटं घालून."

मी ठरवून टाकलं होतं की आईचं आता वय झालं, तिला हे झेपत नाही. रजा काढण्यापूर्वीच मी आणि माझे यजमान यावर बोललो होतो. आमचा मुलगा शिकायला बाहेर गेला होता, त्याची खोली मोकळी होती. खिडकीला गज बसवून घ्यायचे, गॅसचं बटण रोज खालून बंद करायचं, हे सगळं आम्ही ठरवलं होतं. सोपं जाणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, पण दुसरा विचार आमच्या मनातही आला नव्हता.

"आई, मी नेते हेमूला," मी एका सकाळी तिची वेणी घालताना म्हणाले. "तूही चल. सगळे तिकडेच राहू."

"आधी कागद होऊ दे," ती म्हणाली.

कागद झाले. जळगावला कलेक्टर कचेरीत समितीपुढे आम्ही तिघं गेलो. हेमूचा पालक म्हणून आईच्या नावापुढे माझं नाव लागलं, आईच्या मागे सगळे अधिकार माझ्याकडे. दादांच्या पेन्शनीतही हेमूचं नाव चढल्याचा कागद हातात आला. तिथल्या एका बाईंनी हेमूला विचारलं, "ही कोण तुमची?"

"ताई," तो म्हणाला. "पुण्याला राहते. लिहिते."

सगळे हसले. मीही हसले. परतताना गाडीत मला वाटत होतं, आता फक्त तिकिटं काढायची राहिली.

घरी आल्यावर आईने फाईल मागितली. मी नीट लावलेली फाईल तिने डाव्या हाताने एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. मग म्हणाली, "गुरुवारी त्याला पोचवायचं आहे."

"पुण्याला? एवढ्या घाईने?"

"फैजपूरच्या पुढे कमलताई महाजनांचं निवासगृह आहे. हेमूसारखी मुलं राहतात. मी चारदा जाऊन आले. एकदा न सांगता गेले, एकदा जेवणाच्या वेळी गेले. स्वच्छ आहे. मुलांना मारत नाहीत. त्यांनी जागा दिली आहे."

तोंडाला आलं ते मी सगळं बोलले. मी जिवंत असताना माझा भाऊ आश्रमात? मला पालक केलंस ते कशाला? घरात खोली रिकामी आहे. लोक काय म्हणतील ते सोड, त्याला काय वाटेल? तो चार माणसांत घाबरतो, आणि तू त्याला चाळीस माणसांत नेऊन टाकणार?

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुरुवारी सकाळच्या बसने. त्याचे कपडे तू भर. प्रत्येकावर नाव घाल, दोऱ्याने."

संध्याकाळी आईचे थोरले भाऊ, आमचे वासुमामा आले. त्यांना इंगळेकाकूंकडून कळलं होतं. ते बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "यशवंतराव असते तर हे झालं नसतं. जन्मभर सांभाळलंस आणि आता कंटाळलीस? पोटचं पोर आहे, गाय म्हातारी झाली म्हणून पांजरपोळात सोडतेस का?"

आई म्हणाली, "चहा घेणार का भाऊ?"

ते तसेच निघून गेले. मला वाटलं, आई निदान आता रडेल. ती स्वयंपाकघरात जाऊन एका हाताने बट्टीचं पीठ भिजवू लागली. त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही. हेमूच्या शर्टांच्या कॉलरवर लाल दोऱ्याने 'हेमंत फिरके' असं घालत बसले. बोटाला सुई टोचली तरी आईने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गुरुवारी आम्ही तिघं बसने निघालो. भुसावळ सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. हेमू खिडकीपाशी बसला होता आणि खूश होता. आईने त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आणि बसमध्ये पुन्हा सांगितलं.

"हेमू, आपण कुठे चाललो?"

"कमलताई."

"तिथे कोण राहणार?"

"हेमू."

"आणि आई?"

हेमूने जरा विचार केला. "आई पण," तो म्हणाला.

"नाही. आई भुसावळला. आई भेटायला येणार."

"आई पण," तो पुन्हा म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

निवासाची इमारत बैठी होती, कौलारू, पुढे मोठं अंगण. कमलताई साठीच्या, उंच, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि वही उघडून तिथल्या तिथे वाचायला घेतली. पहिलं पान वाचून झाल्यावर त्यांनी आत हाक मारून दोन मदतनीस बायकांना बोलावलं. "हे ऐका. 'गाडी आली' म्हणाला की काय करायचं, ते ऐका." आणि त्यांना वाचून दाखवलं. आई खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. एक शब्द त्यांनी चुकीचा वाचला, तो तिने दुरुस्त केला.

मग निघायची वेळ झाली.

हेमूला ते आमच्या चपला घालण्यावरून कळलं. तो धावत आला आणि त्याने आईचं प्लास्टर दोन्ही हातांनी धरलं. पूर्वी तो रडायचा तेव्हा मोठ्याने रडायचा. त्या दिवशी त्याचा आवाजच फुटत नव्हता. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि प्लास्टरवरची पकड घट्ट. मदतनीस बाई पुढे झाल्या, कमलताईंनी त्यांना हाताने थांबवलं. मी म्हणाले, "आई, चल, घरी नेऊ याला. आई, बघ तरी त्याच्याकडे."

आई त्याच्याकडेच बघत होती. तिने हात ओढून घेतला नाही. शांतपणे म्हणाली, "हेमू, सोड. माझा हात दुखतो."

त्याने लगेच सोडला. चटका बसल्यासारखे दोन्ही हात मागे घेतले आणि छातीशी धरले.

आई वळली आणि चालू लागली. मी तिच्यामागे. मागून आता आवाज फुटला होता. रस्त्याला लागेपर्यंत तो ऐकू येत होता.

फैजपूरच्या स्टँडवर बस लागायला वेळ होता. आम्ही एका बाकावर बसलो. मी तिच्यापासून जरा लांबच बसले होते. शेजारी एक माणूस टोपलीत केळी घेऊन झोपला होता. आई म्हणाली, "हात दुखत नव्हता."

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"त्याला माझं दुखलेलं बघवत नाही, मला माहीत आहे. म्हणून तसं म्हणाले." मग ओला चेहरा पदराने न पुसता, तसाच राहू देत, ती बोलू लागली. "उजू, मी पडले तो दिवस तुला सांगितला नाही. न्हाणीत पडले ती सकाळी. उठता येईना. कमरेतही उसण भरली होती. हेमू आला. त्याने उशी आणली, माझ्या डोक्याखाली दिली, आणि शेजारी बसला. थांबला. त्याला वाटलं मला फीट आली. आपण त्याच्याशी जसं वागतो तसं तो माझ्याशी वागला. मी म्हटलं, इंगळेकाकूंना बोलाव. तो जागचा हलला नाही. दूधवाला आला, कडी वाजवून गेला, माझी हाक बाहेर पोचली नाही. दार उघड म्हटलं तर म्हणाला, आई सांगते दार उघडायचं नाही. मीच शिकवलेलं. दुपार झाली. त्याने गोळी घेतली नाही, खाल्लं नाही. ओल्या फरशीवर माझ्याबरोबर बसून राहिला. संध्याकाळी काकूंना दिवा दिसला नाही म्हणून त्यांनी मागचं दार ढकललं."

एक बस आली, पण ती दुसऱ्या गावाची निघाली, म्हणून उठलेले लोक पुन्हा बसले.

"मी मेले असते, तरी तो तसाच थांबला असता," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशीही."

"म्हणून तर म्हणते, माझ्याकडे येऊ दे त्याला."

"तू नेशील. चांगलं करशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. सहा महिन्यांत तूच त्याची आई होशील. तुझ्याच हातून जेवेल, तुझीच साडी घेऊन झोपेल. पण तू त्याच्यापेक्षा मोठी आहेस, उजू. तुझ्यानंतर कोण? तेव्हा तो म्हातारा असेल आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून हेच. मला त्याला हे दोनदा भोगायला लावायचं नाही. एकदाच होऊ दे. आणि मी असताना होऊ दे."

"तू असताना कशाला?"

"आज तो विचारेल, आई कुठे? कमलताई म्हणतील, भुसावळला आहे, येणार आहे. ते खरं असेल. मी जाईन, तो बघेल, त्याला कळेल की आई जाते आणि येते. मी मेल्यावर त्याला तिथे नेलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं त्याला?"

मी तिच्याजवळ सरकले. तिने मला हात लावू दिला नाही. "आत्ता नको," ती म्हणाली. "बसमध्ये बसू दे आधी."

त्यानंतर आई चार वर्षं जगली. पुण्याला ये म्हटलं तर यायची नाही, म्हणायची, आई भुसावळला असते, असं मी हेमूला सांगितलंय. पहिले काही दिवस ती हेमूला भेटायला गेली नाही, कमलताईंनीच तसं सुचवलं होतं. मग ठरावीक दिवशी जाऊ लागली. सुरुवातीला तिला बघितलं की तो आपली पिशवी भरून दारात येऊन उभा राहायचा. ती त्याच्याबरोबर बसून पिशवी पुन्हा रिकामी करायची, कपडे घडी करून कप्प्यात लावायची आणि निघायची. नातेवाईक तिच्याशी तुटक वागत. वासुमामा तर शेवटपर्यंत आले नाहीत. तिने कुणालाच कारण सांगितलं नाही. मी सांगते म्हटलं तर म्हणायची, त्यांना पटवून हेमूचं काय होणार आहे?

एके दिवशी तिचा फोन आला. "आज त्याने पिशवी भरली नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. बसलो जरा वेळ. आले मी परत." आणि पुढे काही न बोलता तिने कितीतरी वेळ फोन तसाच धरून ठेवला. मी पलीकडून तिचा श्वास ऐकत राहिले.

ती गेली ती थंडीत, हृदयविकाराने. गर्दीत, रडारडीत हेमूला त्रास होतो, म्हणून त्याला आणायचं नाही, हे तिनेच सांगून ठेवलं होतं. सगळं आटोपल्यावर मी एकटी त्याला सांगायला गेले. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते.

हेमू अंगणात होता. बारीक झाला होता, तब्येत चांगली वाटत होती. शर्ट इस्त्रीचा. दुसऱ्या एका मोठ्या मुलाच्या शर्टाची बटणं तो लावून देत होता. मला बघून त्याने शेवटचं बटण लावलं आणि मग आला.

"ताई," तो म्हणाला. "पुण्याला राहते."

आम्ही पायरीवर बसलो. मी म्हणाले, "हेमू, आई गेली."

"भुसावळला?"

"नाही रे. दादांकडे. आता ती येणार नाही."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्याला कळलं की नाही, मी ठरवू शकत नव्हते. तो रडला नाही. कमलताई दारात उभ्या होत्या, त्याही वाट बघत होत्या. तो नुसता बसून राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून. आणि मग मलाच रडू फुटलं. आईच्या घरी चार माणसांत मी सावरले होते. इथे त्याच्यापुढे मला काहीच आवरता येईना.

हेमूने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ताई, आधी लई रडू येतं," तो म्हणाला. "मग कमी येतं."

आत जेवणाची घंटा झाली. तो उठला. "हेमूला पाणी वाढायचंय," त्याने सांगितलं, आणि जायला निघाला. दोन पायऱ्या चढून तो थांबला, परत माझ्याजवळ आला, माझा दंड धरून त्याने मला उठवलं आणि बोटाने अंगणापलीकडचं फाटक दाखवलं.

"तिथे उभी राहा," तो म्हणाला. "रस्ता दिसतो. बरं वाटतं."

मग तो पाणी वाढायला आत गेला. मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले.